ड्रिलमध्ये पास देणारी पोरं मॅचमध्ये का अडकतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: १५-१६ वर्षांच्या पोरांची रग्बी टीम, आठवड्यातून तीन दिवस प्रॅक्टिस, ड्रिलमध्ये पासिंग एकदम सफाईदार. पण मॅचमध्ये आपले तीन आणि समोर दोनच डिफेंडर अशी चालून आलेली संधी असली तरी बॉलवाला मान खाली घालून टॅकलमध्ये घुसतो, नाहीतर डिफेंडर अजून दहा मीटरवर असतानाच पास टाकून मोकळा होतो. मग पासिंगचे ड्रिल वाढवायचे का, डिफेंडर कधी आणायचा, आणि काही पोरं तीन वर्षं खेळलेली, काही तीन महिन्यांची, त्यांचं एकत्र कसं जमवायचं?

पासिंगचे ड्रिल वाढवू नका. हे आधीच सांगून टाकतो कारण बरेच कोच इथेच अख्खं वर्ष घालवतात, मीही घालवलंय. तुमच्या पोरांचा पास चांगला आहे, त्यांना बघायची सवय नाहीये. ड्रिलमध्ये बघण्यासारखं काही नसतंच ना, अंगावर कुणी येत नसतं, पास कुणाला द्यायचा, कधी द्यायचा सगळं आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे हात शिकतात आणि डोळे झोपून राहतात. मॅचमध्ये तोच पास द्यायचा असतो पण त्याच्या आधी एक निर्णय असतो, आणि तो निर्णय पोरगं पहिल्यांदाच घेत असतं, तेही समोरून कुणीतरी पूर्ण वेगात येत असताना.

माझ्याकडे एक आउटसाइड सेंटर (मागच्या फळीत जरा बाहेरच्या बाजूला खेळणारा प्लेयर) होता, अंडर-१६ चा. हात सुंदर, दोन्ही बाजूंनी दहा मीटरचा सपाट पास जायचा. मी ड्रिलमध्ये डिफेंडरच्या जागी पिवळा कोन (प्लॅस्टिकचा शंकू) ठेवायचो आणि कोनच्या जरा आधी पास द्यायला सांगायचो. तीन-चार महिने हेच. मग एकदा एका मॅचचा व्हिडिओ बघत बसलो तर त्याला चार वेळा मोकळ्यात बॉल मिळालेला आणि चारही वेळा त्याने बरोबर पाच पावलं पळून पास दिलेला. एकदा डिफेंडर इतका जवळ होता की पास त्याच्या हाताला लागून खाली पडला, आणि एकदा तर समोर कुणीच नव्हतं, सरळ पळत राहिला असता तर ट्राय (समोरच्यांच्या शेवटच्या रेषेवर किंवा पलीकडे बॉल टेकवून मिळणारे पॉइंट) होता, तरी पाच पावलं आणि पास. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर जाऊन सुरुवातीच्या लाइनपासून कोनपर्यंत मी स्वतः पळून पाहिलं. पाच पावलं. पोरगं अगदी मन लावून शिकत होतं, मी त्याला पावलं मोजायला शिकवत होतो. त्या दिवसापासून डिफेंडरच्या जागी कोन ठेवणं बंद केलं, कोन फक्त ग्राउंडची हद्द दाखवायला.

यात नवीन काही नाहीये, जुनीच गोष्ट आहे. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हाताच्या हालचालींच्या एका साध्या कामावर प्रयोग केला होता. एका गटाने एकच प्रकार सलग घोटला, मग दुसरा, मग तिसरा, आणि दुसऱ्या गटाने तेच तीन प्रकार उलटसुलट, मिसळून केले. सरावाच्या वेळी सलग घोटणारे पुढे होते, पण काही दिवसांनी पुन्हा तपासलं तर मिसळून करणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. म्हणजे प्रॅक्टिसमध्ये जे छान दिसतं ते टिकेलच असं नाही, आणि जे गोंधळाचं दिसतं त्यातून बरंच शिकणं होत असतं. १९८२ मध्ये इंग्लंडात लफबरोला बंकर आणि थॉर्प यांनी खेळ शिकवायचा क्रमच उलटा करून मांडला, आधी छोटा खेळ खेळू द्या, त्यात अडचण येऊ द्या, आणि ती अडचण सोडवायला जे तंत्र लागेल ते मग शिकवा. आज गेम सेन्स वगैरे नावाने जे चालतं त्याचं मूळ तिथे आहे.

आता डिफेंडर कधी आणायचा. पहिल्याच दिवशी. अगदी नवीन पोराला बॉल पकडता येत नसेल तर पाच-सात मिनिटं नुसते हात, बोटं पसरून, हात आधीच वर करून बॉलकडे टार्गेट दाखवायचं, पास देताना हात जिथे बॉल जायचाय तिकडेच थांबले पाहिजेत, एवढंच. ते झालं की लगेच समोर माणूस. पास परफेक्ट होईपर्यंत थांबलात तर डिफेंडर कधीच येणार नाही.

आणि एक, बरेच जण डोळे वर राहावेत म्हणून कोच समोर उभा राहून बोटं दाखवतो आणि पोराने आकडा ओरडून पास द्यायचा, किंवा लाल कोन दिसला तर डावीकडे, निळा दिसला तर उजवीकडे, असं करतात. दिसायला भारी वाटतं, पण मला ते पटत नाही. मॅचमध्ये कुणी बोटं दाखवत नाही. तिथे वाचायचं असतं ते समोरच्याचं शरीर, त्याची कंबर कुठे वळलीये, वजन कुठल्या पायावर आहे, खांदे कुणाकडे आहेत. रंग वाचून रंगच वाचता येतात. मान वर ठेवायची सवय लागेल एवढंच त्यातून मिळतं, पण तीच सवय खरा डिफेंडर समोर ठेवला तरी लागते आणि सोबत खरी माहितीही मिळते.

टू ऑन वन

म्हणजे दोन अटॅकर आणि समोर एकच डिफेंडर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रग्बीतले बरेचसे लाइन ब्रेक (डिफेन्सची रांग फोडून पुढे निघणं) शेवटी टू ऑन वनवरच येतात, थ्री ऑन टूमध्येही शेवटचा पास टू ऑन वनचाच असतो.

दहा मीटर रुंद, पंधरा-वीस मीटर लांब चॅनेल. दोन अटॅकर एका टोकाला, डिफेंडर दुसऱ्या टोकाला. डिफेंडरने बॉल अटॅकरकडे फेकायचा आणि लगेच पुढे यायचं. टॅकल नाही, कमरेवर दोन्ही हातांनी टच. डिफेंडरला पूर्ण मोकळीक, वाटलं तर बॉलवाल्यावर जा, वाटलं तर सपोर्टवाल्याकडे (बॉल नसलेल्या अटॅकरकडे) सरक, वाटलं तर मध्येच थांब. हीच या ड्रिलची जान आहे. डिफेंडरला "तू सरळ बॉलवाल्यावर जा" असं सांगितलंत की पास देणं हेच उत्तर ठरून जातं आणि मग परत पाच पावलं.

बॉलवाल्याने काय बघायचं ते एका वाक्यात सांगा, जास्त नको. मी एवढंच सांगतो, "डिफेंडर तुझा झाला का बघ. तुझा झाला तर पास, नाही झाला तर तू जा." डिफेंडर तुझा झाला म्हणजे काय, तर त्याची कंबर तुझ्याकडे वळली आणि पाय रोवले गेले, आता त्याला दुसऱ्याकडे वळायचं तर आधी थांबावं लागेल. हे घडवून आणायला बॉलवाल्याने डिफेंडरच्या आतल्या खांद्यावर पळायचं असतं, आतला म्हणजे सपोर्टपासून लांबचा. बाहेरच्या खांद्याकडे पळालात तर तुम्हीच डिफेंडरला तुमच्या जोडीदाराकडे घेऊन जाता, मग त्याला एकाच वेळी दोघं मिळतात. पोरांना हे फळ्यावर समजावत बसू नका, दोन-तीनदा दोन्ही करून बघू दे आणि विचारा कुठल्या वेळी जोडीदाराला जास्त जागा मिळाली.

पास किती अंतरावरून, हा प्रश्न हमखास येतो. साधं गणित बघा, बॉलवाला सेकंदाला ५ मीटरने पळतोय आणि डिफेंडरही तेवढ्याच वेगाने समोरून येतोय, म्हणजे दोघांतलं अंतर सेकंदाला १० मीटरने कमी होतंय. चार मीटर उरले असतील तर हातात ०.४ सेकंद आहेत. दोन मीटर उरले तर ०.२, तेवढ्यात बॉल छातीवरून बाहेर काढणंसुद्धा होत नाही. आणि आठ-दहा मीटरवरूनच पास दिला तर डिफेंडरकडे जवळजवळ पूर्ण सेकंद आहे, तो आरामात सरकून दुसऱ्याला गाठतो. म्हणून साधारण तीन-चार मीटर हा पट्टा चांगला, पण हा आकडा पोरांना सांगू नका, सांगितला की ते अंतर मोजतील. डिफेंडर हळू येत असेल तर अजून जवळ जाता येतं, थांबलेला असेल तर आणखी जवळ, तिरका बाहेर सरकत असेल तर पास द्यायचाच नाही, आतून निघून जायचं. त्यांना वेग वाचायला आला पाहिजे, आणि तो वेगवेगळ्या वेगाच्या डिफेंडरसमोर पळूनच येतो. म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी डिफेंडर बदला, आणि त्याची सुरुवातही बदला, कधी पोटावर झोपून, कधी एका कोपऱ्यातून तिरकं, कधी पाठ करून उभा आणि बॉल सुटला की वळायचं.

सपोर्टवाल्याचं कामही तेवढंच मोठं आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. तो बॉलवाल्याच्या बरोबरीने पळाला की पास पुढे जातो किंवा त्याला थांबून घ्यावा लागतो. मागे राहायचं, तीन-चार मीटर, आणि बॉल सुटताना वेग वाढवत यायचं, पास अंगावर घेऊन थेट निघायचं. आणि बोलायचं, लवकर बोलायचं. नुसतं "पास पास" ओरडून काही कळत नाही. "बाहेर आहे", "आत येतोय", "जा, मोकळं आहे" अशी खबर पाहिजे, कारण सपोर्टवाल्याला जे दिसतं ते बॉलवाल्याला दिसत नसतं.

तुमचं तोंड

तुमचं आणि माझं, सगळ्यांचंच. ड्रिल चालू असताना बाजूने "पास! आता पास!" ओरडलं की निर्णय आपण घेतला, पोराने फक्त हात हलवले. मॅचमध्ये आपला आवाज पोचत नाही किंवा उशिरा पोचतो. मला ही सवय मोडायला फार वेळ लागला, शेवटी मी ड्रिलच्या वेळी बॉलवाल्याच्या मागे जाऊन उभा राहायला लागलो, त्याला जे दिसतं तेच मलाही दिसावं म्हणून, आणि तिथून बघितल्यावर कळलं की बाजूने जी मोकळी जागा एवढी ढळढळीत दिसते ती मागून तशी अजिबात दिसत नाही. पोरांवर चिडणं तिथेच निम्मं कमी झालं.

तीन-चार वेळा होऊ द्या, मग एकदा थांबवून विचारा. "पास का दिला नाहीस" असं विचारलं की पोरगं सफाई देतं किंवा मान खाली घालतं. "काय दिसलं?" असं विचारा. सुरुवातीला उत्तर येतं "काही नाही", आणि ते खरं असतं, त्याने बॉलकडेच बघितलेलं असतं. एका पोरीने मला एकदा सांगितलं की तिला डिफेंडरच्या टीशर्टवरचा नंबर दिसला. म्हटलं छान, आता पुढच्या वेळी त्याचे गुडघे बघ. दोन-तीन राउंडनंतर ती पळत आली, "सर, ती आधीच बाहेर वळली होती म्हणून मी आतून गेले." पास दिलाच नव्हता तिने. टचही झाली होती खरं तर, शेवटी पकडली गेली ती. तरी मी तिला पूर्ण पॉइंट दिले, कारण तिने बरोबर बघितलं आणि बघून ठरवलं, पाय पुढच्या महिन्यात वेगवान होतील.

म्हणजे निर्णय आणि अंमलबजावणी वेगवेगळी तोला. निर्णय बरोबर पण पास घसरला, तर शाबासकी आणि नंतर पाच मिनिटं हातांचं काम. निर्णय चुकला पण नशिबाने ट्राय झाला, तर तेही बोलून दाखवा, नाहीतर पोरगं तेच पुन्हा करत राहील.

थ्री ऑन टू, मग फोर ऑन थ्री

टू ऑन वनमध्ये दहापैकी सहा-सात वेळा बरोबर निर्णय यायला लागले की पुढे. हा माझा अंदाजाचा आकडा आहे, शास्त्र नाही. दहापैकी नऊ-दहा यायला लागले तर तुम्ही उशीर केलाय, ड्रिल सोपं झालंय. चारच्या खाली असेल तर एक पायरी मागे या, त्यात काही कमीपणा नाही.

थ्री ऑन टूसाठी पंधरा ते वीस मीटर रुंदी. इथे नवीन काय येतं तर दुसऱ्या डिफेंडरचं वागणं. दोन डिफेंडरना बाजूला घेऊन कानात सांगा, या वेळी दोघं बाहेर सरका, पुढच्या वेळी बाहेरचा जोरात वर येऊन आत बंद करेल, त्यानंतर तुमच्या मनाने. अटॅकला काही सांगायचं नाही. सरकणाऱ्या डिफेन्ससमोर आतून जागा मिळते, वर चढून येणाऱ्या डिफेन्ससमोर बाहेर किंवा पाठीमागे. मधल्या प्लेयरला दोन सेकंदांच्या आत हे ओळखायचं असतं, आणि त्यासाठी त्याने बॉल हातात यायच्या आधीच समोर बघितलेलं असलं पाहिजे. बॉल येताना नजर बॉलवर, त्याच्या आधी दोनदा समोर, हे इथे घासून घ्या. व्हिडिओत मान हलताना दिसते, मोजता येते.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे आडवं पळणं. पहिला अटॅकर तिरका बाहेर पळत सुटतो, दुसरा त्याच्यापुढे अजून बाहेर, आणि शेवटच्याला टच लाइनजवळ (ग्राउंडच्या बाजूच्या रेषेजवळ) दोन मीटर उरतात. तीन अटॅकर असूनही खेळायला जागाच नाही. यावर मला चाललेला उपाय म्हणजे चॅनेलच्या मध्ये जमिनीवर उभी पट्टी आखायची आणि पहिल्या अटॅकरने पास देईपर्यंत ती ओलांडायची नाही. दोन-तीन राउंड, मग पट्टी पुसून टाका. ओरडून जे महिनाभर जमत नाही ते एका रेषेने दहा मिनिटांत जमतं.

फोर ऑन थ्रीमध्ये एक उशिरा येणारा डिफेंडर घाला, जो बॉल सुटल्यावर दोन सेकंदांनी बाजूने पळत येतो. लाइन ब्रेक झाला की ड्रिल संपलं असं नाही हे यातून कळतं. पोरं ब्रेक करतात आणि मग एकटीच पळत सुटतात, शेवटच्या दहा मीटरवर पकडली जातात आणि सोबत कुणीच नसतं. म्हणून नियम असा की बॉल ट्राय लाइनवर टेकेपर्यंत किंवा हातातून सुटेपर्यंत ड्रिल चालूच. आणि बॉल गमावला तर उलटा खेळ सुरू, डिफेन्स आता अटॅक. या पाच-सहा सेकंदांत सगळ्यात चांगले निर्णय बघायला मिळतात, कारण कुणीच जागेवर नसतं.

रकचा निर्णय

सगळे पासवरच बोलतात, पण या वयात मॅच जास्त वेळा रकवर हरली जाते. प्लेयर टॅकल होऊन खाली पडला की मागचे दोघं-तिघं आंधळेपणाने जाऊन कोसळतात, समोर कुणी असो नसो, आणि पुढच्या फेजला (तिथून बॉल निघाल्यावरच्या पुढच्या टप्प्याला) उभं राहायला माणसंच उरत नाहीत. नियमाने रक तेव्हाच होतो जेव्हा बॉल जमिनीवर आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंचा किमान एकेक प्लेयर पायांवर उभा राहून एकमेकांना भिडलेला असतो. समोरून कुणी आलंच नाही तर रकच नाही, बॉल उचल आणि पळ.

ड्रिल साधं आहे. एक प्लेयर बॉल घेऊन खाली पडतो आणि हात लांब करून बॉल मागे ठेवतो. मागून एक सपोर्ट येतो. समोर पाच मीटरवर एक डिफेंडर, तो कधी बॉलवर वाकून हात घालतो, कधी नुसता येऊन उभा राहतो, कधी येतच नाही. सपोर्टने येता येता ठरवायचं, हटवायचं, बॉलवर उभं राहायचं की उचलून जायचं. सुरुवातीला चालत, मग जॉगिंग, मग वेगात. मागून, आपल्या बाजूनेच यायचं आणि पायांवर राहायचं हे पहिल्या दिवसापासून, त्यात सूट नको. बाजूने घुसायची सवय लागली की ती नंतर निघत नाही आणि पेनल्टीमागून पेनल्टी जाते.

काँटॅक्ट

इथे मी अजिबात घाई करत नाही आणि तुम्हीही करू नका. निर्णयाचे ड्रिल टचवर भरभर पुढे नेता येतात, टॅकलची शिडी वेगळी आणि सावकाश. आधी दोघंही गुडघ्यांवर, मग टॅकलर एका गुडघ्यावर आणि समोरचा चालत, मग दोघं चालत, मग अर्ध्या वेगात, मग पूर्ण. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बघायची, डोकं कुठे आहे. डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या नितंबाला चिकटलेला, डोळे उघडे, पाय जवळ. डोकं पुढच्या बाजूला अडकलं तर त्या पोराला पुढच्या पायरीवर जाऊ देऊ नका, मग तो टीमचा कॅप्टन का असेना.

नियमात टॅकल खांद्यांच्या रेषेच्या वर चालत नाही, आणि २०२३ पासून बऱ्याच देशांत शाळा-क्लब लेव्हलला ही हद्द छातीच्या हाडाच्या खाली आणलेली आहे. मी सगळ्यांना पहिल्यापासून कमरेवरच शिकवतो, म्हणजे हद्द कुठेही असली तरी अडचण नाही. काँटॅक्ट कधीही सेशनच्या शेवटी ठेवू नका, दमलेलं पोरगं डोकं खाली टाकतं. आणि डोक्याला लागल्याची नुसती शंका जरी आली, चालताना अडखळला, स्कोअर विचारला तर गोंधळला, तर बाहेर, आणि त्या दिवशी परत ग्राउंडवर नाही, तो कितीही म्हणाला मी ठीक आहे तरी नाही. पुढे डॉक्टर सांगतील तसं.

शेवटी खेळ, आणि मध्येही खेळ

सेशनच्या शेवटी वीस मिनिटं बक्षीस म्हणून टच रग्बी, असं बऱ्याच ठिकाणी असतं. मी खेळ मध्ये आणतो, कधी सुरुवातीलाच. आठ विरुद्ध सात, अर्धं ग्राउंड. टच झाला की बॉलवाल्याने खाली जाऊन बॉल ठेवायचा, आणि टच करणारा आणि त्याच्या जवळचा अजून एक डिफेंडर, दोघांनी आपल्या मागच्या लाइनला पाय लावून यायचं. एवढ्या एका नियमाने प्रत्येक फेजला कुठेतरी माणूस कमी पडतो, आणि कुठे कमी पडला हे अटॅकने दोन-तीन सेकंदांत शोधायचं असतं. मी काही सांगत नाही. पाच मिनिटं खेळले की गोल करून विचारतो, जागा कुठे होती. एकदा आत, एकदा बाहेर, एकदा मागे किकसाठी, त्यांनाच सापडते. मग त्यातली जी गोष्ट जमत नाहीये तिच्यासाठी दहा मिनिटं वेगळं ड्रिल, आणि परत त्याच खेळात. नियम दोनच्या वर नको, पोरं नियम आठवत बसतात.

न्यूझीलंडचे वेन स्मिथ याच पद्धतीचे मोठे कोच. न्यूझीलंडच्या महिला टीमने २०२१ च्या शेवटी युरोप दौऱ्यात इंग्लंड आणि फ्रान्सविरुद्ध चारही टेस्ट (आंतरराष्ट्रीय मॅच) मोठ्या फरकाने गमावल्या होत्या. पुढच्या वर्षी स्मिथ कोच म्हणून आले, तर १२ नोव्हेंबर २०२२ ला ईडन पार्कवर त्याच टीमने सलग ३० मॅच जिंकून आलेल्या इंग्लंडला ३४-३१ ने हरवून वर्ल्ड कप घेतला. इंग्लंडची एक प्लेयर सुरुवातीलाच टॅकलमध्ये डोक्याला डोकं लागल्याने रेड कार्ड घेऊन बाहेर गेली होती आणि पुढचा तासभर ते १४ जणींवर खेळले, हे विसरून चालणार नाही, आणि ते टॅकलच्या उंचीबद्दल जे वर लिहिलं त्याचंही उदाहरण आहे. पण ती मॅच जमलं तर परत बघा आणि न्यूझीलंडच्या बॅक्स (मागच्या फळीतल्या प्लेयर) बॉल मिळायच्या आधी कुठे बघतायत एवढंच बघा. ठरवून दिलेल्या मूव्हवर चालणाऱ्या टीमला असं खेळता येत नाही.

वेगवेगळ्या लेव्हलची पोरं

यासाठी वेगळे गट करायची गरज मला सहसा पडत नाही. ड्रिल तेच ठेवून अवघडपणा कमीजास्त करायला चार गोष्टी हातात असतात: जागा, वेळ, माणसं आणि डिफेंडरची मोकळीक. एका वेळी एकच बदला, म्हणजे कशामुळे फरक पडला ते कळतं. नवीन पोराच्या चॅनेलची रुंदी दहाऐवजी चौदा मीटर करा, किंवा डिफेंडरला तीन मीटर मागून सोडा. अनुभवी पोराला सात मीटर द्या, किंवा त्याला बॉल पाठमोरा असताना द्या, म्हणजे वळून वाचायला वेळच उरत नाही. नव्या पोराला डिफेंडर म्हणूनही भरपूर खेळवा, अटॅकर काय करतो हे समोरून बघितलं की ते फार लवकर शिकतात, माझा तर अनुभव आहे की टू ऑन वनमधला निर्णय निम्मी पोरं डिफेन्स करतानाच शिकतात.

आणि रांगा मोडा. समजा २४ पोरं आहेत, टू ऑन वनचं एकच चॅनेल आहे, एका खेपेला १५ सेकंद लागतात. तिघातिघांचे आठ गट, म्हणजे दहा मिनिटांत प्रत्येक गटाला फक्त पाच चान्स, बाकी वेळ उभं राहणं. चार चॅनेल लावले तर तेवढ्याच वेळात वीस. बॉल कमी असतील तर मागा, उसने आणा, पण रांगेत उभं राहून कुणी बघायला शिकत नाही. सगळीकडे तुम्ही एकटे लक्ष देऊ शकणार नाही हे खरं, म्हणून प्रत्येक चॅनेलला एका पोराला मोजायला लावा, बॉलवाल्याने बघून ठरवलं का, हो किंवा नाही, एवढंच. मोजणारं पोरगंही शिकतं.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे प्रॅक्टिस घाण दिसेल हे आधीच सांगतो. बॉल पडतील, पास इंटरसेप्ट होतील, बाहेरून बघणारे पालक आणि क्लबवाले विचारतील की पूर्वी किती छान चालायचं. त्यांना मॅच बघायला सांगा. आणि तुमच्या स्वतःच्या खात्रीसाठी आजच एक काम करा, मोबाईल ट्राय लाइनच्या मागे उंच जागी ठेवून येत्या मॅचचं रेकॉर्डिंग करा, त्यात आपले जास्त आणि समोरचे कमी अशा जागा किती वेळा आल्या आणि त्यातल्या किती वेळा बॉल मोकळ्या प्लेयरपर्यंत पोचला हे वहीत लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी परत तेच मोजा. ट्राय किती झाले ते आता बघू नका, तो आकडा वारा, पाऊस, समोरची टीम सगळ्यावर हलतो. बॉल मोकळ्या प्लेयरपर्यंत पोचला का, एवढंच लिहा.